प्लग काढणारं घर

हे लिहायचंच नाही, असं धाकट्याने जवळजवळ नक्की केलं होतं. आजोबांची पहिली इस्त्री, बाबा आणि काकांचं पंख्यांवरून झालेलं भांडण, ताईचं लग्न, सगळं तो मोबाइलवर टाइप करून ठेवत आला होता. सुचेल तसं, बसल्या जागी, कधी जिन्यात, कधी डॉक्टरकडे नंबर लावून. पण केटलीची दुपार आली की अंगठा अडायचा. एक तर त्या दुपारी घरातलं कोणीच धड दिसलं नव्हतं. आणि जी एकटी दिसली होती, त्या काकूने बजावलं होतं, "मला त्यात घालू नकोस हां."

तिला वगळून ही गोष्ट सांगताच येत नाही. त्याने करून पाहिलं. मग घातलं.

सुरुवात आदल्या संध्याकाळी झाली. कात्र्या आला. कात्र्या म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, आता कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. एरवी दारातूनच शिव्या घालत यायचा. त्या दिवशी बेल वाजवली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, आजारी कुत्र्याचं पिल्लू आणावं तसं धरलेलं.

"घे," तो म्हणाला. "तुझं पोर."

टॉवेल उघडला तर केटली. धाकट्याची केटली. त्याने स्वतः आखलेली, कंपनीत आल्यावरची त्याची पहिली वस्तू. तळ वितळून एका बाजूला ओघळला होता आणि प्लास्टिकचा कडवट वास सगळ्या व्हरांड्यात पसरला.

"बंदच झाली नाही रे. मी गिऱ्हाइकाच्या मानेवर होतो, लक्ष नव्हतं. पाणी आटलं, तरी चालूच. काउंटर काळा झालाय. माझे बाबा उचलायला धावले, त्यांचा तळहात भाजला." कात्र्या थांबला. "फार नाही. पण वस्तरा धरायचा हात आहे."

धाकट्याने केटलीवर टॉवेल ओढला. "मी येतो त्यांना बघायला."

"ये. पण आधी ऐक. निम्म्या गल्लीत ही केटली माझ्या शब्दावर गेलीय. खुर्चीत बसेल त्याला सांगत होतो, माझ्या दोस्ताने बनवलीय, डोळे झाकून घ्या. अजून मी तोंड उघडलेलं नाही. उद्या दुकान बंद करायच्या आत मला सांग, कंपनी बोलते का मी बोलू."

तो चहा न घेताच गेला. धाकट्याने केटली टेबलावर उघडली. आत जी दांडी असते, वाफेने पत्ती तापली की ढकलली जाते आणि खटका पाडते, ती मेणबत्ती उन्हात ठेवावी तशी वाकली होती. आधीच्या मॉडेलमध्ये ती धातूची होती, गंजायची, म्हणून त्याने प्लास्टिकची केली. केटली कोरडी पडली तर बंद करणारी दुसरी सोयही होती, तळाशी. पण जागा वाचवायला त्याने ती याच दांडीला जोडली होती. दांडी गेली की दोन्ही सोयी गेल्या.

चित्रात ते किती सुटसुटीत दिसलं होतं.

*

या घरात कंपनीचे सगळे निर्णय जेवणाच्या टेबलावर व्हायचे. आजोबांची पद्धत. शेजारीच कारखान्याची शेड, मधे फक्त एक खिडकी. खिडकीतून पॅकिंगचा आवाज यायचा, खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा. चर्र. थोड्या वेळाने परत चर्र. म्हणजे अजून एक केटली खोक्यात बंद झाली. त्या दुपारी धाकट्याला तो आवाज दाढेत दुखल्यासारखा होत होता.

"एक नग," काका म्हणाले. ते टेबलाच्या टोकाला, आजोबांच्या खुर्चीत. "एवढ्या विकल्या, त्यात एक नग. तोही सलूनमध्ये दिवसभर राबवलेला. घरगुती वस्तू आहे ती, बॉयलर नाही."

"तो पाणीच तापवत होता काका. दगड नव्हता शिजवत."

"आवाज खाली."

"खालीच आहे."

ताईचा नवरा वकील. घरातल्या प्रत्येक संकटात तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर व्हायचा आणि कशालाच त्याच्या नावाने हाक मारायचा नाही. "घटना घडली त्या वेळी," तो म्हणाला, "उत्पादनाजवळ कोणी होतं का?"

"भाऊजी, केटली म्हणा. उत्पादन म्हटल्याने ती गार होत नाही."

"मी तुझ्याच भल्यासाठी विचारतोय. वापरणारा जवळ नव्हता, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे."

"तो जवळच होता. कामात होता."

"म्हणजे लक्ष नव्हतं," भाऊजी म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

आईने तोवर तोंड उघडलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती काकांशी कामापुरतंच बोलायची, तेही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून. आज मात्र थेट काकांकडे पाहून म्हणाली, "त्याची पहिलीच वस्तू आहे. एकाच केटलीचं असेल तर कशाला चारचौघांत न्यायचं? सगळं याच्या डोक्यावर फुटेल."

"मी तेच म्हणतोय," काका म्हणाले.

धाकटा बघतच राहिला. इतक्या वर्षांत ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला बसली होती, आणि ती बाजू त्याला वाचवणारी होती. रागवावं तरी कोणावर?

"एकच नाहीये," ताई म्हणाली.

ताई काकांची एकुलती एक, तक्रारी आणि विक्री सांभाळायची. ती कपाच्या कानाशी खेळत होती. "अशा अजून आल्यात. चार, पाच. सगळ्या तळाशी वितळलेल्या. एक हॉटेलातली, एक कुठल्या ऑफिसातली. बाकीच्या घरातल्याच."

"आणि मला कोणी बोललं नाही?" धाकटा म्हणाला.

"काय बोलायचं? मी लगेच नव्या पाठवल्या. लोक खूश झाले. एकाने तर आभार मानले."

"नव्या म्हणजे याच दांडीच्या?"

"दुसऱ्या कुठून आणू? तू एकच दांडी बनवलीस ना?"

चर्र, खिडकीतून आलं.

"थांबा," काका म्हणाले. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, म्हणजे आता कोणी मधे बोलायचं नसतं. "ही केटली या घरात राहिलेली आहे. अख्खा हिवाळा. आपल्याकडे काय नियम आहे? वस्तू आधी आपल्या घरात राहते, मग लोकांच्या घरात जाते. तुझ्या आजोबांनी घालून दिलेला नियम. लॅबवाले काय, सांगाल तो शिक्का मारतात. घर खोटं बोलत नाही. सकाळ-संध्याकाळ सहा माणसांचा चहा झाला हिच्यावर. एकदा तरी अडली? सांगा, एकदा?"

कोणालाच तसं आठवेना. धाकट्यालाही नाही. रात्रीपासून त्याला हेच छळत होतं. घरात का नाही झालं?

"शेडमधून एक नवी आण," काका म्हणाले. "इथे लाव. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

*

केटली भिंतीशी, बुटक्या कपाटावर ठेवली. धाकट्याने पाणी भरलं, खटका दाबला. जेवणाच्या टेबलावर सहा जण एका केटलीकडे बघत बसलेले, परीक्षेचा निकाल लागायचाय असे. पाणी आधी कुजबुजलं, मग घोंघावलं, मग उसळलं.

टक. खटका वर आला.

काकांनी भुवई उचलली.

"परत," धाकटा म्हणाला. "गरमच असताना. सलूनमध्ये तसंच होतं, पाणी संपलं की ओत, संपलं की ओत."

परत टक. परत पाणी. परत टक. दर खटक्याला काकांची पाठ जरा ताठ होत गेली आणि धाकट्याची वाकत गेली. मधल्या वेळात बोलणं सुरू झालं, आणि या घरात एकदा सुरू झालं की ते केटलीपेक्षा लवकर उकळतं.

"समजा आपण जाहीर केलं," भाऊजी म्हणाले, "तर त्याचा अर्थ आपण मान्य केलं असा होतो. उद्या कोणाचीही कुठलीही केटली बिघडली की बोट आपल्याकडे."

"आपलीच असेल तर आपल्याकडेच येणार ना बोट."

"तू भावनेच्या भरात बोलतोयस."

"त्याला दोस्ताची पडलीय," ताई म्हणाली. "आम्हाला इथल्या सगळ्यांची. मोठ्या दुकानांनी माल उचलायचं कबूल केलंय, धाकट्या. पहिल्यांदा. मी किती दारं झिजवलीत त्यासाठी, तुला कल्पना आहे? त्यांनी पाठ फिरवली तर शेडला टाळं लागेल. टेप लावणाऱ्या त्या बायकांना तू काय सांगणार आहेस?"

धाकटा खिडकीकडे बघत राहिला. चर्र.

"गंजत होती ती धातूचीच काय वाईट होती," आई पुटपुटली.

"आई, प्लीज."

काकू मधेच उठून बिस्किटांचा डबा आणायला गेली. आली. बशी फिरवली. कोणीच घेतलं नाही, मग तिने स्वतः एक घेतलं. काका आता आजोबांच्या गोष्टींवर आले होते. पहिली इस्त्री कशी याच टेबलावर तयार झाली, वगैरे. ही गोष्ट सुरू झाली की काका जिंकत आलेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि धाकट्याच्या लक्षात आलं, की बराच वेळ टक झालेलं नाही.

तो उठला. केटलीजवळ गेला. खटका खालीच होता, म्हणजे चालू. म्हणजे दांडी वाकलीच. पण पाणी शांत होतं. उसळत नव्हतं. नुसती वाफ, तीही विरत चाललेली. हे कसं काय? त्याने हात जवळ नेला, तळ बघितला, मग वायरीच्या मागे मागे भिंतीपर्यंत गेला.

प्लग बाहेर होता. वायरीचं नीट वेटोळं करून कपाटावर ठेवलेलं.

"प्लग कोणी काढला?"

"कुठला?" काकू म्हणाली. "हा? मी. उकळलं होतं की."

"कधी?"

"डबा आणायला गेले तेव्हा. का? काय झालं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. ती सगळ्यांच्या समोरून गेली, वाकली, प्लग काढला, वायर गुंडाळली, आणि पाच जणांपैकी एकाच्याही डोळ्याला ते दिसलं नाही. घड्याळाची टिकटिक जशी घरातल्यांना ऐकू येत नाही तसं.

धाकटा हळूच म्हणाला, "काकू, हिवाळाभर ही केटली इथे होती. तेव्हाही तू असाच काढायचीस?"

"तेव्हाही म्हणजे? रोजच काढते. उकळलं की प्लग काढायचा, केटली उचलून ओट्यावर पालथी घालायची. केटली काय, मी कशाचाही काढते."

"कधीपासून?"

"अरे, लग्न होऊन आले तेव्हापासून. तुझ्या आजोबांच्या त्या पहिल्या इस्त्रीने या टेबलावरची चादर जाळली होती. आपोआप बंद होणार म्हणाले होते, झाली नाही. मी नवी सून. सासऱ्यांना काय सांगणार, तुमची इस्त्री वाईट आहे म्हणून? चादर धुतली, उलटी अंथरली आणि प्लग काढायला लागले. सवयच लागली मग." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "त्यात एवढं काय?"

काका पापणी न हलवता बायकोकडे बघत होते.

"प्रत्येक वस्तूचा?" ते म्हणाले.

"अहो, प्रत्येक. तुम्ही सगळे लावता आणि उठून जाता. कोणीतरी काढायला नको?"

"पंख्यांच्या वेळी?" हे आईने विचारलं. आवाज इतका बारीक की धाकट्याला ती बोलली का तेही आधी कळलं नाही.

काकूने बिस्किट बशीत ठेवलं. तिलाही आता कळलं होतं. "पंख्यांच्या वेळीही," ती म्हणाली. "खोलीत कोणी नसलं की बंद करायचे मी. प्लग काढून."

पंख्यांच्या वेळी धाकट्याचे बाबा म्हणाले होते, मोटर तापतेय, रात्रभर चालली तर जळेल. काका म्हणाले होते, घरात चालला ना उन्हाळाभर, मग. पंखे बाजारात गेले. आणि परत आले, एकेक करून, काळे पडून. काकांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, फक्त पंखे बनवणं बंद केलं. बाबांनी मात्र या टेबलावर बसणं सोडलं. शेडच्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतःचं टेबल टाकलं आणि शेवटपर्यंत तिथेच बसले. घरातले म्हणत, मनाला लावून घेतलं. हट्टी होते.

आई काकांकडे बघत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं धाकट्याला वाटलं.

"ते खरं बोलत होते," ती म्हणाली.

काका धाकट्याकडे वळले. "परत लाव." मग काकूकडे न बघता, "आणि तू बस. हात मांडीखाली घेऊन बस."

काकू खरंच हात मांडीखाली घेऊन बसली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

या वेळी कोणी बोललं नाही. पाणी, टक. पाणी, टक. काकूचे खांदे दर वेळी थोडे पुढे यायचे आणि ती स्वतःला मागे ओढायची. आणखी एकदा पाणी ओतलं. उसळलं. उसळतच राहिलं. झाकणाच्या फटीतून वाफ भिंतीवर आदळायला लागली, भिंतीच्या रंगावर थेंब जमले. टक नाही. पाण्याचा आवाज बदलत गेला, जाडसर असलेला पातळ झाला, मग तडतडायला लागला. आणि तो वास आला, व्हरांड्यातला.

"बास," ताई म्हणाली. "बास ना आता."

काका उठले. जितक्या वेळात माणूस खुर्चीतून भिंतीपाशी जातो त्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने प्लग काढला. मग तो हातात धरून तसेच उभे राहिले. बहुतेक या घरात त्यांनी काढलेला तो पहिलाच प्लग असावा.

*

"ठीक आहे," भाऊजींनी घसा साफ केला. "तरी मार्ग आहेत. एक, दांडी आपण बाहेरून घेतो. प्लास्टिक हलक्या दर्जाचं निघालं, असं म्हणता येईल."

"बनवणाऱ्याने माझ्या चित्राबरहुकूम दिलीय," धाकटा म्हणाला. "प्लास्टिक मीच निवडलं."

"ते कोणाला माहितीय?"

"मला."

आईने एकदा मुलाकडे पाहिलं. ही वाट त्याला सोडवणारी होती, तिला ते दिसत होतं, आणि धाकट्याला तिचं ते दिसणं दिसत होतं. ती काही बोलली नाही.

"बरं. मग दोन," भाऊजी म्हणाले, "एक स्टिकर. वापरानंतर प्लग काढावा. साधं, स्वस्त. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही पाठवता येईल. सूचना पाळली नाही तर जबाबदारी त्यांची. सासूबाईंनी इतकी वर्षं केलं, तेच लोकांनी करायचं."

"हे चालेल," काका अर्ध्या मनाने म्हणाले. प्लग अजून त्यांच्या हातातच होता.

"नाही चालणार," काकू म्हणाली.

सगळे वळले. काकू या टेबलावर वाढायची, उचलायची. मत द्यायची नाही.

"मी चाळीसेक वर्षं या घरात हेच केलं. आजारी असले तरी उठून बघून यायचे. माहेरी गेले की मनाला चैन नाही, कोणी काढला असेल का म्हणून. तुम्ही झोपलात, मी नाही झोपले." ती चिडलेली नव्हती, जणू भाजीचा भाव सांगत होती. "आता घरोघरी एकेक बाई माझ्यासारखी जागत ठेवायची, एवढ्यासाठी स्टिकर लावणार का? वस्तू तुम्ही बनवायची आणि राखण आम्ही करायची?"



ताईची खुर्ची सरकली. ती फोन घेऊन बाहेर गेली. दार लोटलं, पण नीट लागलं नाही, आणि तिचा दबका आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"हॅलो, कुठेयस? होस्टेलवर? खोलीत केटली लावलेली आहे का? ... प्लग काढ. आत्ता. नाही, नंतर नाही, मी धरते, तू काढ ... काढलास? बघून सांग ... आता हात लावायचा नाही तिला. का म्हणजे? मी सांगतेय म्हणून ... हो, आपल्याच कंपनीची आहे. म्हणूनच."

ती परत आत आली तेव्हा तिने कोणाकडेच पाहिलं नाही. नवऱ्याकडे तर नाहीच.

"लेकीला?" आईने विचारलं.

ताईने मान हलवली.

"बरं केलंस." आई क्षणभर थांबली. "ज्यांच्याकडे गेल्यात त्या सगळ्यांच्या लेकींना आता असाच फोन करायला लागेल."

चर्र. खिडकीतून.

काकांनी प्लग कपाटावर ठेवला. "आधी ती टेप बंद करायला सांग," ते ताईला म्हणाले.

ताई खिडकीशी गेली, काच सरकवली, काहीतरी ओरडून सांगितलं. एक शेवटचं चर्र अर्ध्यात थांबलं. मग शेडमधून नुसते बायकांचे आवाज येत राहिले, काय झालं, कोण म्हणालं, असे.

"आता लिहून घ्या," काका भाऊजींना म्हणाले.

भाऊजींनी पेन काढलं. "काही मोजक्या उत्पादनांमध्ये, विशिष्ट परिस्थितीत..."

"सगळ्या केटल्या. लिहा, आमच्या केटलीची रचना चुकली आहे. ती आपोआप बंद होईल याची खात्री नाही. आज, आत्ता प्लग काढा, वापरू नका. आम्ही येऊन घेऊन जाऊ."

"हे असं छापलंत तर मोठी दुकानं आपल्याला परत दारात उभं करणार नाहीत. मी वकील म्हणून सांगतोय."

"नाही करणार." काका घोटभर पाणी प्यायले. "जावईबापू, तुम्ही चुकीचं सांगत नाही आहात. पण लिहा."

"माझं नाव घाला," धाकटा म्हणाला. "रचना माझी होती."

"तुझं नाव घालून मी काय करू? ह्या पोराने केलं, आमचे हात स्वच्छ?" काका पहिल्यांदा भडकले. "पास कोणी केली? या टेबलाने. नाव कंपनीचं जाईल. तू नवी दांडी बनव. दोन सोयी, दोन वेगळ्या ठिकाणी. आणि प्रत्येक वेळी असा चेहरा करून बसू नकोस, मला तुझ्या बापाची आठवण येते."

हे त्यांच्या तोंडून कसं निसटलं, त्यांनाही कळलं नसावं. आई उठली, बशा गोळा करायला लागली. काकांच्या जवळ आल्यावर थांबली.

"हेच त्यांच्या समोर म्हणाला असतात तर," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

एवढंच. ती बशा घेऊन आत गेली. भाऊजींनी लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. ताई त्यांच्याबरोबर गेली नाही. ती फोन घेऊन एकेका दुकानदाराला लावायला बसली होती आणि प्रत्येकाकडून काय काय ऐकून घेत होती ते तिच्या मानेवरून कळत होतं.

काकू अजून हात मांडीखाली घेऊन बसली होती.

"काकू, सोड आता," धाकटा म्हणाला.

"हो का," ती म्हणाली आणि हात बाहेर काढून बघितले, मुंग्या आल्या होत्या.

*

सलूनमध्ये दिवे लागले होते. एक गिऱ्हाईक खुर्चीत, गालभर साबण. कात्र्याचे वडील बाकावर बसून उजव्या हाताची पट्टी डाव्या हाताने सारखी करत होते. आरशाखालच्या काउंटरवर ताटलीएवढा काळा डाग. कोणीतरी त्यावर कंगव्यांचा ग्लास ठेवून झाकायचा प्रयत्न केला होता, पण डाग मोठा होता.

"कंपनी बोलतेय," धाकटा दारातूनच म्हणाला. "आज. सगळ्या परत घेतोय."

कात्र्याचा वस्तरा गालावर थांबला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने डोळे उघडले. "कसल्या सगळ्या?"

"हलू नका, कापेल," कात्र्या म्हणाला. त्याने तो गाल पूर्ण केला, वस्तरा पुसला, मग वळला. "तुझे काका तयार झाले?"

"काकू झाली. मग बाकीचे."

धाकटा कात्र्याच्या वडिलांसमोर बसला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, सगळं पुसलं गेलं. "दुखतंय का?" एवढंच निघालं.

"वस्तरा धरला की ठणकतं," म्हातारा म्हणाला. "म्हणून नाही धरत. हा धरतो. वाकडा धरतो, पण धरतो."

"कंपनी छापेल ते ठीक आहे," कात्र्या म्हणाला. "पण लोकांना छापलेलं कुठे आठवतं. त्यांना मी आठवणार. डोळे झाकून घ्या म्हणणारा मी. उद्यापासून या खुर्चीत बसतील आणि आरशातून माझ्याकडे बघतील. त्याचं काय करू?"

"सकाळी दुकान उशिरा उघड. माझ्याबरोबर चल. तू फक्त दार दाखव, बोलेन मी. केटली उचलेन मी. शिव्याही मीच खाईन."

"शिव्या अर्ध्या मला पडणार. तुझं तोंडच तसं आहे, बघून दया येते लोकांना."

म्हातारा हसला. धाकट्याला हसू आलं नाही. तो त्या काळ्या डागाकडे बघत होता. इथे दिवसभर पाणी तापतं. इथे कोणाचे हात रिकामे नसतात. इथे प्लग काढायला कोणी नाही.

"अजून एक," तो म्हणाला. "नवी दांडी झाली की ती केटली आमच्या घरात राहणार नाही. आमचं घर त्या कामाचं नाही. ती इथे राहील. या जागी. पहिले दिवस मी या बाकावर बसेन, नजर ठेवायला. मग तू वापर, विसर, तशीच लावून ठेव, हवी तशी. आणि तू स्वतःहून 'घ्या' म्हणत नाहीस तोवर एकही केटली खोक्यात जाणार नाही. काका काय, ताई काय, कोणी म्हणू दे. तुला शब्द देतो."